गावाकडच्या बायकांच्या ओव्यांचा अल्बम: कव्हर, पुस्तिका आणि जाहिरात कशी करावी?

गोदातीर

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकचे चार जण सवड मिळेल तसे दिंडोरी, त्र्यंबकेश्वर आणि पेठ तालुक्यांतल्या गावांत जाऊन जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत आलो. पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातं कोपऱ्यात गेलं, पण ओव्या म्हणणाऱ्या बायका अजून आहेत. त्यातल्या दहा जणींच्या बारा ओवीमाला निवडून अल्बम तयार झाला आहे. नाव ठरलंय 'पहाटओवी'. आवाजाचं सगळं काम संपलं. आता वेष्टन आणि जाहिरात.

ओळखीतल्या एकाने कव्हरचा नमुना करून दिला. तपकिरी पार्श्वभूमी, कडेने वारली आकृत्या, मध्ये जात्याचं तयार चित्र, वळणदार अक्षरांत नाव. मागच्या बाजूला आम्हा चौघांचा फोटो आणि आमची नावं. ज्यांनी ओव्या म्हटल्या त्या दहा जणींची नावं कुठेच नाहीत. विचारलं तर उत्तर आलं, "एवढी नावं बसणार नाहीत, गिचमिड होईल."

मला हे मुळीच पटलेलं नाही. यातल्या दोघी-तिघी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांचं नाव आजवर रेशनकार्ड आणि मतदारयादी सोडून कुठेही छापलेलं नाही.

तर विचारायचं असं: सीडी काढावी का, की आता त्यात अर्थ नाही? कव्हरवर काय असावं? आणि हातात थोडेच पैसे असताना जाहिरात कुठे करावी? पौषातल्या निवृत्तीनाथांच्या यात्रेच्या सुमारास प्रकाशन करायची इच्छा आहे.

---

रंगरेषा

ताई, उपक्रम फार मोलाचा आहे. नमुना मात्र परत करा.

मी पंधराएक वर्षं ग्राफिक डिझाइन करते, त्यातली बरीचशी कामं पुस्तकांची आणि नाटकांच्या पोस्टरांची. "बसणार नाही" हे डिझाइनरने म्हणायचंच नसतं. बसवणं हेच त्याचं काम आहे. दहा नावं ही अडचण नाही, उलट तेच तुमचं कव्हर होऊ शकतं. पुढच्या बाजूला चित्र नको, फोटो नको. वर मोठ्या अक्षरात 'पहाटओवी' आणि खाली एकाखाली एक दहा नावं, प्रत्येकीच्या पुढे तिचं गाव. डोळ्यांसमोर आणून बघा. दुकानात किंवा स्टॉलवर हे हातात आलं की माणूस आधी नावं वाचणार, मग ऐकणार. आणि गावातला माणूस आपल्या गावाचं नाव शोधणार, हे नक्की.

ध्वनिमुद्रिकांच्या सुरुवातीच्या काळात तबकड्या साध्या तपकिरी कागदी पाकिटांत विकल्या जायच्या. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण डिझाइनरने १९३९-४०च्या सुमारास पाकिटावर चित्र छापायची कल्पना मांडली आणि तिथून अल्बम कव्हर ही स्वतंत्र कला झाली. म्हणजे कव्हरचं मूळ काम आत काय आहे ते ऐकण्याआधी जाणवून देणं. तुमच्या अल्बमच्या आत दहा माणसं आहेत. जातं हे साधन झालं.

अक्षरांबद्दल एक आग्रहाने सांगते. फॉन्ट मराठी वळणाचा घ्या. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे आले तर घरच्या माणसाला लगेच खटकतात. मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता भरपूर आहेत, त्यामुळे कुठून तरी उचललेला फॉन्ट वापरायचं कारण नाही. आणि फाइल करणाऱ्याला आधीच विचारा की त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं नीट जुळतात का. इलस्ट्रेटरमध्ये किंवा फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर चालू केलेला नसला तर पहिली वेलांटी भलत्याच जागी जाते आणि रफार तुटतो. दहा जणींपैकी एकीच्याही नावात असं होता कामा नये.

---

पेठचा_पोरगा

वारलीबद्दल मला बोलायचंय.

मी पेठ तालुक्यातला. आमच्या भागात कोकणा, महादेव कोळी, वारली अशा सगळ्यांची वस्ती. वारली चित्र हे काही कडेची नक्षी नाही. लग्नात सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात देवी असते, आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. जिव्या सोमा म्हशे यांच्यासारख्यांनी १९७०नंतर ते कागदावर आणलं, जगात नेलं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. वारली चित्राला भौगोलिक मानांकनही आहे. पण आता कुठलीही गावाकडची वस्तू आली की तिच्यावर तीच त्रिकोणी माणसं नाचवायची, मग आत वारल्यांचं काही असो वा नसो. चहाच्या कपावर, हॉटेलच्या भिंतीवर, साबणाच्या खोक्यावर.

तुमच्या दहा जणींत वारली बाई आहे का? असली तर तिला विचारा, आणि चित्र तिच्या ओळखीच्या चित्रकाराकडून काढून घ्या, त्याला पैसे द्या, त्याचं नाव छापा. नसली तर ते चित्र काढून टाका. दिंडोरीच्या कुणबी बाईच्या ओवीला वारली नक्षी लावली की दोघांचाही अपमान होतो.

---

गोदातीर

पेठचा_पोरगा, हे स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. दहा जणींत वारली कोणी नाहीत. नक्षी काढून टाकतेय.

रंगरेषा, नुसत्या नावांचं कव्हर ही कल्पना वाचून अंगावर काटा आला. आमच्यातल्या एकाचं म्हणणं पडलं की सुरुवातीला कुसुमाग्रजांच्या दोन ओळी घालाव्यात, नाशिकचा अल्बम म्हणून. चालेल ना?

---

वकील_नाशिकरोड

परवानगीशिवाय चालणार नाही. कुसुमाग्रज १९९९ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क टिकतो, म्हणजे २०५९ संपेपर्यंत. हक्कदारांना लेखी विचारा, त्यांनी हो म्हटलं तर आनंदच आहे. माझं मत विचाराल तर या अल्बमला बाहेरच्या कवितेची गरज नाही. ओवी स्वतःच कविता आहे.

आता वेष्टनावर काय छापलंच पाहिजे ते सांगतो, कारण स्वतः अल्बम काढणाऱ्यांचं नेमकं याकडे दुर्लक्ष होतं. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२अ. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करताना त्याच्यावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी हव्यात: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव व पत्ता, हक्कधारकाचं नाव व पत्ता, आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. हे न छापणं हा याच कायद्याच्या कलम ६८अ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सीडीच्या मागे वर्तुळातला 'पी' आणि वर्तुळातला 'सी' दिसतो ना, त्यातला 'पी' ध्वनिमुद्रणाच्या हक्कासाठी आणि 'सी' मजकूर-चित्रासाठी. दोन्हींपुढे वर्ष आणि नाव येतं. शिवाय बंद पाकिटात विकणार असाल तर कमाल किंमत सर्व करांसह, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी पत्ता-फोन हेही घाला. वजनमापाच्या वेष्टननियमांत ते येतं.

पण ताई, सगळ्यात महत्त्वाचं याच्या पुढे आहे. गाणाऱ्याला स्वतःचा हक्क असतो. कलम ३८ आणि ३८अ प्रमाणे कलाकाराच्या संमतीशिवाय तिचा आवाज विकता येत नाही, आणि कलम ३८ब प्रमाणे कलाकार म्हणून आपलं नाव सांगितलं जावं हा तिचा हक्क आहे. म्हणजे कव्हरवर नाव घालणं हा तुमचा मोठेपणा नाही, ते तिचं देणं आहे. संमतिपत्र मराठीत करा, तिला वाचून दाखवा, घरातल्या सुनेला किंवा नातवाला बसवून समजावून सांगा, मग सही किंवा अंगठा घ्या. फोटो जाहिरातीत वापरणार असाल तर त्याची संमती वेगळ्या वाक्यात हवी. विक्रीतून किती वाटा देणार तेही त्यातच लिहा.

---

कॅसेटकाका

माझं नाशिकमध्ये कॅसेटचं दुकान होतं. भजन, भारुड, लोकगीतं, लावणी, सगळं ठेवायचो. यात्रेच्या आधी तर खोकीच्या खोकी निघायची. त्या अनुभवावरून सांगतो.

कॅसेटच्या कव्हरचा पुढचा भाग किती, तर साडेसहा सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर उंच. त्याच्या घडीवर सव्वा सेंटिमीटरची कड. दुकानात गिऱ्हाइकाला दिसायची ती कड, पुढचा भाग नव्हे, कारण कॅसेटी रॅकमध्ये आडव्या लावलेल्या असायच्या. ज्या कंपनीने त्या कडेवर गायकाचं नाव ठळक छापलं तिचा माल उचलला जायचा. ज्यांनी तिथे बारीक इंग्रजी अक्षरं टाकली त्यांच्या कॅसेटी पडून राहायच्या. गावाकडून आलेला माणूस "तो अमुक बुवांचा हरिपाठ द्या" असं गायकाच्या नावाने मागायचा, अल्बमच्या नावाने नाही. म्हणून नावं पुढे हवीत या मताशी मी पूर्ण सहमत.

सीडीचं मात्र मन घट्ट करून सांगतो, काढू नका. तुमचा ऐकणारा खेड्यातला आणि पंचवटीतला. त्याच्याकडे सीडी लावायला आता काही नाही. नव्या लॅपटॉपला खाचसुद्धा नसते. त्यापेक्षा पेनड्राइव्ह. ट्रॅक्टरवर चालतो, मंदिराच्या स्पीकरवर चालतो, जीपमध्ये चालतो. २०१७ साली सारेगामाने जुनी गाणी भरलेला 'कारवां' नावाचा रेडिओसारखा स्पीकर बाजारात आणला आणि घरोघरी गेला, कारण म्हाताऱ्या माणसाला बटण दाबलं की गाणं हवं असतं.

---

ध्वनिवेडा

काकांशी सीडीबद्दल सहमत, पेनड्राइव्हबद्दल अर्धाच. पेनड्राइव्ह महाग पडतो आणि त्यावरची गाणी पुसून लोक दुसरी भरतात. स्ट्रीमिंगवर अल्बम असायलाच हवा, कारण मुंबई-पुण्यात गेलेली नातवंडं तिथेच ऐकणार. वेष्टन म्हणून क्यूआर कोड छापलेलं कार्ड पुरे.

स्ट्रीमिंगच्या कव्हरबद्दल काही पक्क्या गोष्टी. चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल, आरजीबी, जेपीजी किंवा पीएनजी. लहान चित्र ताणून मोठं केलेलं परत येतं. त्यावर किंमत, वेबपत्ता, फोन नंबर, क्यूआर, 'आता उपलब्ध' असलं काही लिहिलं तर वितरक, म्हणजे स्ट्रीमिंगवर गाणी चढवून देणारी कंपनी, परत पाठवते. कव्हरवरचं नाव आणि अर्जात भरलेलं नाव जुळायला हवं. म्हणजे छापील कव्हर आणि डिजिटल कव्हर वेगळं करावंच लागणार. रंगरेषांची दहा नावांची कल्पना छापील कव्हरला उत्तम, पण फोनवर तेच कव्हर नखाएवढं दिसतं. तिथे दहा नावं म्हणजे दहा रेघा. डिजिटलला फक्त 'पहाटओवी', जाड अक्षरात, शिरोरेघ दणकट, आणि पार्श्वभूमीचा रंग तोच. आधी फोनवर चित्र अगदी बारीक करून हात लांब धरून बघा. मात्रा आणि अनुस्वार दिसले तर पास.

आता नावांचा प्रश्न डिजिटलमध्ये कसा सुटतो ते बघा, कारण खरी जागा तिथे कव्हरवर नसून माहितीच्या रकान्यांत आहे. मुख्य कलाकार बरेच असले की अल्बमच्या पातळीवर 'विविध कलाकार' असं जातं. पण प्रत्येक ओवीच्या पातळीवर त्या बाईचं नाव मुख्य कलाकार म्हणून भरता येतं. तसं भरलंत तर प्रत्येकीच्या नावाचं स्वतंत्र पान तयार होतं. बरेच गट इथे सोपं म्हणून सगळीकडे आपल्या गटाचं नाव टाकून देतात, आणि मग गाणारी कायमची गायब होते. रचनाकाराच्या जागी 'पारंपरिक' लिहा, स्वतःचं नाव नको. प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी म्हणजे बारा अक्षरांचा क्रमांक लागतो. भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री ही संस्था देते, किंवा वितरकाकडून मिळतो.

---

कॅसेटकाका

ध्वनिवेडा, कार्ड कोणी जपून ठेवत नाही हो. लग्नपत्रिका लोक जपत नाहीत, कार्ड काय जपतील. आणि आमच्या गिऱ्हाइकाला वस्तू हवी असते. विकत घेतलं म्हणजे हातात काहीतरी आलं पाहिजे.

---

ध्वनिवेडा

काका, वस्तू हवी हे मान्य. मग कार्डाची पुस्तिका करू. तिच्यात ओव्यांचे शब्द छापा. ते तर कोणी फेकणार नाही.

---

शाईचा_माणूस

पुस्तिका! याचीच वाट बघत होतो. सातपूरला प्रेसवर उभा राहणारा माणूस आहे मी, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

सीडीच्या पुस्तिकेचं माप बारा बाय बारा सेंटिमीटर. तेच ठेवा. खिशात, पिशवीत, पोथीत मावतं. या मापाचा हिशोब असा की १८ बाय २३ इंची कागदावर, म्हणजे २३ बाय ३६च्या अर्ध्या तावावर, ब्लीड (कापाच्या रेषेबाहेर सोडायची जादा छपाई) धरूनही एका बाजूला सहा जोडपानं बसतात. दोन्ही बाजू मिळून बरोबर २४ पानं. एका कागदात एक पूर्ण पुस्तिका. आतला भाग एका रंगात छापलात तर फक्त दोन प्लेटा. खर्च जातो प्लेटा आणि मशीन लावण्यात, कागदात कमी. म्हणून तीनशे प्रतींऐवजी हजार काढल्या तर प्रत्येक प्रत बरीच स्वस्त पडते. ऑफसेटला, म्हणजे प्लेटांच्या छपाईला, फार कमी प्रती काढण्यात अर्थ नाही. शंभर-दीडशेच हव्या असतील तर डिजिटल छपाईच्या मशीनवर काढा.

चोवीस पानांत काय बसेल बघा. दहा जणींना एकेक जोडपान, डाव्या पानावर तिचं नाव, गाव, तिने सांगितलेले दोन शब्द, उजवीकडे ओवी. झाली वीस पानं. पहिलं पान अल्बमच्या माहितीचं, म्हणजे जोडपानं समोरासमोर येतात, आणि शेवटची तीन कायद्याचा मजकूर आणि कामाला हात लावणाऱ्यांची नावं. तुमची चौघांची नावं तिथे येतील, बारीक अक्षरात.

आतला कागद मॅपलिथो घ्या, नॅचरल शेडचा, १०० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप). चकचकीत आर्टपेपर नको. त्यावर दिव्याचा उजेड पडला की म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येत नाही. कव्हर ३०० जीएसएम बोर्ड, वर मॅट लॅमिनेशन, आणि घडीवर क्रीझिंग करून घ्या, नाहीतर शाई तडकते. बांधणी सेंटर पिन. यात्रेत हाताळली जाईल, पिनाच बऱ्या.

रंगाचं सांगतो. स्क्रीनवर जो रंग बघून तुम्ही खूश व्हाल तो छापून येणार नाही. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, मशीन शाईने. हळदीचा पिवळा स्क्रीनवर झळाळतो आणि सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, बसतो जरा मळका. कुंकवाचा लाल किरमिजीकडे झुकतो. तसाच हवा असेल तर स्पॉट रंग मिसळून घ्यावा लागतो, त्याची एक प्लेट जास्त. मला वाटतं तुमच्या कव्हरला दोनच रंग पुरेत: गडद कुंकू आणि काळा, कागद पांढरा. पण प्रूफ, म्हणजे छपाईआधीची नमुनाप्रत, त्याच कागदावर काढून घ्या आणि दिवसा, दाराबाहेर उभं राहून बघा. ट्यूबलाइटखाली पास केलेला रंग सकाळी वेगळा दिसतो.

मजकूर काळा म्हणजे फक्त काळ्या शाईचा ठेवा. चारही रंग मिसळून केलेल्या काळ्यात बारीक देवनागरी छापली आणि कागद केसभर सरकला की उकार-वेलांट्यांना रंगीत सावल्या येतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं द्यायची असतील तर बारीक फॉन्ट टाळा, शाई पसरून मात्रा भरून जातात. ओव्या कमीत कमी अकरा पॉइंटात ठेवा. ब्लीड तीन मिलिमीटर, आणि कुठलंही अक्षर कापाच्या रेषेपासून पाच मिलिमीटर आत. नावांच्या बाबतीत तर आठ ठेवा.

क्यूआर शेवटच्या पानावर, दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी मोकळी जागा सोडा, काळा कोड पांढऱ्यावर. रंगीत, उलटा, मध्ये चित्र घातलेला असे प्रकार करू नका, साध्या फोनला वाचता येत नाहीत. आणि तो थेट कुठल्या अ‍ॅपवर नेऊ नका. स्वतःचं एखादं साधं पान करा आणि तिथून सगळीकडे दुवे द्या. अ‍ॅप बदलतात, बंद पडतात. छापलेला कोड बदलता येत नाही, पान बदलता येतं.

---

रंगरेषा

शाईचा_माणूस, हे सगळं वाचून समाधान झालं. दोन रंग या निर्णयाला माझा पूर्ण पाठिंबा. डिजिटल कव्हरही त्याच कुंकवावर पांढऱ्या अक्षरात करू, म्हणजे ओळख एक राहील. ताई, काम मी करून देईन, मोबदला नको. पुस्तिकेत शेवटच्या पानावर नाव टाका, बस.

---

वाचनवेल्हाळ

मी इथे बहुधा वाचते फक्त, पण एक सुचलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून जास्त. 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर त्या आता वाचता-ऐकता येतात, आणि तिथे ओवीबरोबर बाईचं नाव, गाव, तालुका असतो. कधी वय, मुलंबाळं, व्यवसायही. पुस्तिकेच्या डाव्या पानासाठी हा नमुना नजरेसमोर ठेवा. ओवी कोणाची तरी असते, हे त्यातून नीट कळतं.

प्रकाशित झाल्यावर एक प्रत नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाला नक्की द्या. १८४०पासून चाललेलं वाचनालय आहे, तिथे ती पुस्तिका टिकेल.

---

त्र्यंबकवासी

जाहिरातीचं मी बोलतो, कारण यात्रा माझ्या दारावरून जाते.

पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या दर्शनाला नाशिक, नगर, खानदेश आणि आसपासच्या भागांतून दिंड्या पायी येतात. नाशिकहून येणाऱ्या दिंड्या सातपूर, महिरावणी, अंजनेरी, पेगलवाडी करत पोचतात. तुमचा ऐकणारा त्याच रस्त्यावर चालतोय. फ्लेक्सवर पैसे घालवू नका. एक तर परवानगी लागते, विनापरवाना लावलं तर १९९५च्या मालमत्ता विद्रूपण कायद्यात सापडता, आणि यात्रेच्या दिवसांत पुढाऱ्यांच्या फ्लेक्समध्ये तुमचा दिसणारही नाही.

त्यापेक्षा मुक्कामाच्या ठिकाणी जा. दिंडी रात्री टेकते, हरिपाठ होतो, जेवणं होतात, मग बायका बसलेल्या असतात. तिथे दिंडीप्रमुखांना विचारून पाच मिनिटं एक ओवी वाजवा. छोटा स्पीकर पुरे. मोठ्याने नको. मी सांगतो, दुसऱ्या ओळीला चार बायका सोबत म्हणायला लागतील. पुस्तिका तिथे विकायच्या. तुमच्या दहा जणींपैकी कोणी येऊ शकत असेल, तर तिला सन्मानाने खुर्चीवर बसवा आणि ती स्वतः म्हणू दे.

पुस्तिकेची किंमत सुट्या पैशांची अडचण होणार नाही अशी ठेवा. पन्नास किंवा शंभर.

---

ध्वनिवेडा

त्र्यंबकवासींच्या योजनेला जोडून डिजिटलचं वेळापत्रक. जगभर नवीन संगीत २०१५पासून शुक्रवारी येतं, पण तुम्हाला शुक्रवार पाळायची सक्ती नाही. एकादशीच्या आधीचा एखादा दिवस धरा. वितरकाकडे सगळं निदान महिनाभर आधी चढवा. स्पॉटिफायवर संपादकांकडे ओवी सुचवायची असेल तर ती प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी जावी लागते, पण सात दिवसांवर विसंबू नका.

सगळा अल्बम एकदम सोडण्याआधी एक ओवी आधी द्या. तिच्यासाठी उभा व्हिडिओ करा, १०८० बाय १९२० पिक्सेल. बाई ओवी म्हणतेय, खाली शब्द येतायत, वर तिचं नाव आणि गाव. अर्ध्या मिनिटाचा, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवता येतो. भजनी मंडळांचे व्हॉट्सअ‍ॅप गट नाशिक जिल्ह्यात गावोगाव आहेत. तिथे एक चांगली ओवी पोचली की पैसे न घालता फिरते. व्हिडिओवर वेगळं संगीत चढवू नका, वाद्यं घालू नका. ओवी एकटीच पुरते.

आकाशवाणी नाशिकला आणि 'देशदूत', 'गांवकरी'सारख्या इथल्या वर्तमानपत्रांना पुस्तिका स्वतः नेऊन द्या. सोबत एक पानी टिपण: कोण गातंय, कुठली ओवी, कुठे ऐकता येईल. दहा जणींपैकी एकीशी बोलायची सोय करून देऊ म्हणावं. बातमी तिथे होते.

---

कॅसेटकाका

माझं पेनड्राइव्हचं म्हणणं सोडत नाही मी. निदान थोडे तरी काढा. ज्या दहा जणींनी गायलं, त्यांच्या घरी स्ट्रीमिंग कोण लावणार? त्यांना बटण दाबून ऐकू येईल असं काहीतरी द्या. ते विकायला नाही, त्यांना द्यायला.

---

गोदातीर

काका, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. दहा छोटे स्पीकर घेऊ, त्यात मेमरी कार्ड घालून. बटण दाबलं की स्वतःचीच ओवी. त्या खर्चासाठी गटातले तिघे लगेच तयार झाले.

इथल्या सगळ्या सूचना घेऊन आम्ही पुन्हा गावी जाऊन आलो. संमतिपत्रं वाचून दाखवली, कव्हरचा नवा नमुना दाखवला. नावं कशी लिहायची ते प्रत्येकीला विचारलं आणि तिथे जे कळलं ते तुम्हाला सांगायलाच हवं. आम्ही सगळ्यांची नावं आधार कार्डाप्रमाणे लिहिली होती: नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. सहा जणींना ते तसंच हवं होतं. दोघींनी सांगितलं की पूर्ण नाव नको, गावात ज्या नावाने हाक मारतात तेच लिहा. आणि दोघींनी सासरच्या गावासोबत माहेरचं गावही लिहा म्हणून हट्ट धरला. त्यातल्या एकीचं म्हणणं असं की ओव्या तिने आईकडून माहेरी शिकल्या, सासरच्या गावाचा त्यात काय संबंध. ओवी म्हणजे माहेर, भाऊ आणि विठ्ठल. तिचा मुद्दा आम्हाला इतका पटला की आता सगळ्यांच्याच पानावर दोन्ही गावं येणार आहेत.

एक अडचण उरली. एकीच्या मुलाने कव्हरवर आईचं नाव नको म्हटलंय. आईची इच्छा आहे. काय करावं?

---

वकील_नाशिकरोड

हक्क आईचा आहे, मुलाचा नाही. पण कागद पुढे करून घरात भांडण लावू नका. तिच्या घरात राहायचं तिला आहे. मुलाला आधी ध्वनिमुद्रण ऐकवा आणि पुस्तिकेतलं आईचं पान दाखवा. बहुतेकदा भीती पैशाची किंवा बदनामीची असते, दोन्हींबद्दल मोकळं बोला, वाटा किती ते सांगा. शेवटचा शब्द मात्र आईचा. ती हो म्हणाली तर नाव छापा, आणि तिने स्वतः नको म्हटलं तर ती ओवी अल्बममधून काढा. नाव गाळून ओवी ठेवायची नाही.

---

पेठचा_पोरगा

वकीलसाहेबांशी सहमत. कुठलं गाव आहे ते मला व्यक्तिगत निरोपात कळवा. आमच्या तालुक्यातलं असेल तर मी सोबत येतो. आपल्या भाषेत, आपल्या माणसाने बसून सांगितलं की फरक पडतो.

---

गोदातीर

निरोप पाठवलाय, पेठचंच आहे. आपण दोघं रविवारी जाऊ.

शाईचा_माणूस, तोवर बाकीच्या नऊ जणींची पानं रंगरेषा लावून ठेवतायत. फाइल कशी देऊ?

---

शाईचा_माणूस

पीडीएफ द्या, अक्षरं आउटलाइन (आकृतीत रूपांतर) करून, म्हणजे माझ्या मशीनवर फॉन्ट नसला तरी जोडाक्षरं हलणार नाहीत. शिवाय नावांची यादी वेगळ्या कागदावर हाताने लिहून पाठवा, प्रत्येकीने किंवा तिच्या घरच्याने तपासलेली. मी प्रूफ त्या यादीशी अक्षर अन् अक्षर जुळवून बघेन. दहाव्या बाईचा निर्णय होईपर्यंत प्लेट काढणार नाही. प्रूफ दहा काढतो, प्रत्येक घरी एक जाऊ दे. कोणाच्या नावात काही चुकलं तर ते छपाईच्या आधी त्यांच्याकडूनच कळेल.